पत्राची सनद : ई-मेल पाठवणाऱ्याची ओळख आणि महाविद्यालयांची जबाबदारी

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, प्रवेशाची दुसरी यादी, परीक्षा शुल्काचा तपशील, चर्चासत्राचे निमंत्रण, शोधनिबंध स्वीकारल्याची सूचना ही सारी पत्रे आज बहुतांशी ई-मेलने जातात. सूचनाफलक अजून आहे, व्हॉट्सॲपचे गटही आहेत. पण ज्याला कार्यालयीन पत्र म्हणावे ते ई-मेलच होय. कागदी पत्रावर जावक क्रमांक, कार्यालयाचा गोल शिक्का आणि प्राचार्यांची सही असे. ई-मेलवर काय असते? ‘प्रेषक’ या रकान्यात एक नाव आणि एक पत्ता. हा रकाना पाठवणारा स्वतः भरतो आणि त्यात तो कोणाचाही पत्ता लिहू शकतो.

ही त्रुटी नंतर शिरलेली नाही. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसे जावे याचे नियम ‘एसएमटीपी’ या नावाने ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून प्रसिद्ध केले. त्या काळी जाळ्यावर विद्यापीठे, संशोधन संस्था आणि अमेरिकेची संरक्षण खाती एवढीच मंडळी होती. एकमेकांवर विश्वास गृहीत धरलेला होता, म्हणून पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची तरतूद त्या नियमांत केलीच नव्हती. नको असलेली जाहिरात शेकडो लोकांना एकदम पाठवण्याचा पहिला प्रसिद्ध प्रकार त्याच्याही आधी, मे १९७८ मध्ये घडून गेला होता. एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात पाठवली होती. त्याबद्दल नाराजी झाली, पण नियमांत काही बदल झाला नाही.

या एका उणिवेतून महाविद्यालयांपुढे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अशी की महाविद्यालयाच्या नावाने कोणीही परका माणूस विद्यार्थ्यांना पत्र पाठवू शकतो. ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खात्याचा तपशील कळवा’ असे पत्र कार्यालयाच्या पत्त्यावरून आलेले दिसले तर विद्यार्थी तपशील कळवणारच. दुसरी अडचण उलटी आहे. महाविद्यालयाने पाठवलेले खरे पत्र विद्यार्थ्याच्या स्पॅमच्या कप्प्यात पडते आणि मुदत टळून जाते, कारण पत्र घेणाऱ्या सर्व्हरलाही खरे-खोटे ओळखता येत नाही आणि तो संशयाने वागतो. दोन्हींचे औषध एकच आहे. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी ते औषध होत. त्या काय करतात आणि काय करत नाहीत हे प्राध्यापकांना माहीत असणे आवश्यक आहे. हे काम केवळ संगणक विभागाचे आहे हा समज चुकीचा आहे. तो का, ते पुढे दिसेल.

लिफाफा आणि आतले पत्र

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा लागतो. प्रत्येक ई-मेलला, कागदी पत्राप्रमाणेच, एक लिफाफा असतो आणि आत पत्र असते. एक सर्व्हर दुसऱ्याशी बोलताना ‘हे पत्र अमुक पत्त्यावरून आले आहे, पोहोचले नाही तर तिकडे परत करा’ असे सांगतो. हा झाला लिफाफ्यावरचा पत्ता. वाचणाऱ्याला तो सहसा दिसत नाही. पत्राच्या माथ्यावर ‘प्रेषक’ म्हणून जो पत्ता दिसतो तो वेगळा. तो लेटरहेडवर छापलेल्या नावासारखा आहे. लिफाफ्यावर एक पत्ता आणि आतल्या लेटरहेडवर दुसराच, असे नियमाने चालते. कित्येकदा ते रास्तही असते. शुल्क भरून घेणारी एखादी कंपनी महाविद्यालयाच्या वतीने पावती पाठवते, तेव्हा परत येणारी पत्रे आपल्याकडे यावीत म्हणून लिफाफ्यावर ती स्वतःचा पत्ता घालते. ज्या मंडळींनी या विषयावर वीस वर्षे वाद घातला त्यांचे अर्धे वाद या एका भेदाभोवती फिरत होते.

पहिली नोंद : कोणाला पाठवण्याचा अधिकार आहे

डीएनएस ही इंटरनेटची जाहीर नोंदवही आहे. महाविद्यालयाच्या डोमेनसाठी येणारी पत्रे कोणत्या सर्व्हरने घ्यावीत हे तिच्यात पूर्वीपासून लिहिलेले असे. मात्र त्या डोमेनच्या नावाने पत्रे पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे, हे कोठेच लिहिलेले नव्हते. तेही लिहावे, ही साधी कल्पना १९९० नंतरच्या दशकात आणि पुढे अनेकांना सुचली. २००३ मध्ये मेंग वेंग वाँग यांनी वेगवेगळे प्रस्ताव एकत्र करून ‘एसपीएफ’ तयार केले.

त्याचे काम असे चालते. महाविद्यालय आपल्या डोमेनखाली एका ओळीची नोंद प्रसिद्ध करते. तिच्यात अधिकृत सर्व्हरांचे आयपी क्रमांक किंवा ‘अमुक सेवेचे जे सर्व्हर असतील ते’ असे उल्लेख असतात. पत्र आले की घेणारा सर्व्हर लिफाफ्यावरच्या पत्त्याचे डोमेन पाहतो, त्याची नोंद काढतो आणि समोर जोडला गेलेला सर्व्हर त्या यादीत आहे का हे तपासतो. समोरच्याचा आयपी क्रमांक त्याला स्वतःलाच दिसत असतो. त्यासाठी पाठवणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. सारी भिस्त या एका गोष्टीवर आहे.

नोंदीच्या शेवटी ‘ऑल’ हा शब्द येतो, म्हणजे ‘बाकी सर्व’. त्याच्या आधीचे चिन्ह महत्त्वाचे. वजा चिन्ह असेल तर बाकी सर्व अनधिकृत. नागमोडी रेघ असेल तर बाकी सर्व संशयास्पद, पण लगेच नाकारू नका. अधिक चिन्ह असेल तर जगातल्या कोणालाही परवानगी. हे अधिक चिन्ह, ‘पत्रे अडकतात’ अशी तक्रार आल्यावर घाईने टाकलेले आढळते. दाराला कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवण्यापैकी हा प्रकार आहे. आणखी दोन चुका नेहमीच्या. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी लागते. जुनी तशीच ठेवून नव्या सेवेसाठी दुसरी जोडली तर दोन्ही निरर्थक होतात. शिवाय नोंद तपासताना नोंदवहीत पुढे दहाहून अधिक वेळा शोध घ्यावा लागला तर तपासणी चुकीची धरली जाते. चार-पाच बाहेरच्या सेवा जोडल्या की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

एसपीएफची खरी उणीव वेगळी आहे. सेवानिवृत्त प्राध्यापकांनी महाविद्यालयाच्या पत्त्यावर येणारी पत्रे आपोआप आपल्या खासगी पत्त्याकडे वळवून ठेवली असतील, तर वळवणारा सर्व्हर मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसतो. पत्र खरे असूनही तपासणीत नापास होते. दुसरे असे की एसपीएफ फक्त लिफाफा पाहते. आतल्या लेटरहेडवर काय छापले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही आणि वाचणारा तर लेटरहेडच पाहतो.

या सुमारास मायक्रोसॉफ्टने लेटरहेड तपासणारी स्वतःची पद्धत पुढे आणली. दोन्हींचा मेळ घालण्यासाठी इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने २००४ मध्ये एक कार्यगट नेमला. पण मायक्रोसॉफ्टच्या पेटंट परवान्याच्या अटी खुल्या प्रणालीच्या मंडळींना मान्य होईनात. अपाचे आणि डेबियन यांनी त्या अटींवर ही पद्धत वापरण्यास नकार दिला आणि सप्टेंबर २००४ मध्ये कार्यगट एकमताविना बंद झाला. त्याच वर्षी जानेवारीत दावोस येथे बिल गेट्स यांनी स्पॅमचा प्रश्न दोन वर्षांत सुटेल असे सांगितले होते! एसपीएफला २००६ मध्ये प्रायोगिक दर्जा मिळाला आणि पक्के मानक व्हायला २०१४ साल उजाडावे लागले.

दुसरी नोंद : मोर्तब

मराठेशाहीतील कागदपत्रे पाहिलेल्यांना दोन मुद्रा परिचित आहेत. पत्राच्या माथ्यावर मोठा शिक्का आणि मजकूर संपतो तेथे लहानसे मोर्तब. शिक्का पत्र कोणाचे ते सांगतो. मोर्तब, येथे मजकूर संपला, यापुढे कोणी काही जोडू नये, असे सांगते. फारसीतून आलेला हा शब्द ‘मोर्तब सूद’ या रूपाने कित्येक पत्रांच्या शेवटी दिसतो. त्यातला ‘सूद’ म्हणजे फारसी ‘शुद’, अर्थात ‘झाले’. आज ‘शिक्कामोर्तब’ हा एकच शब्द आपण सहज वापरतो, पण त्यात दोन वेगळी कामे दडलेली आहेत हे विसरले जाते.

डीकिम ही दुसरी नोंद ही दोन्ही कामे करते. याहूची ‘डोमेनकीज’ आणि सिस्कोची अशीच एक पद्धत यांच्या मिलाफातून ती निघाली. २००७ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले, २०११ मध्ये सुधारून आले. पाठवणाऱ्या सर्व्हरकडे एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडीदार जाहीर किल्ली डोमेनच्या नोंदवहीत ठेवलेली असते. पत्र निघताना सर्व्हर मजकुराचा आणि विषय, प्रेषक, दिनांक अशा निवडक रकान्यांचा गणिती गोषवारा काढून गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. घेणारा जाहीर किल्लीने ती सही पडताळतो. वाटेत एक अक्षर बदलले तरी गोषवारा जुळत नाही. पत्र कोणत्या वाटेने आले याला येथे महत्त्व नाही. म्हणूनच वळवलेल्या पत्रावर एसपीएफ नापास झाले तरी डीकिमची सही शाबूत राहते. दोन्ही नोंदी का हव्यात याचे उत्तर यात आहे.

या पद्धतीत मजकुराच्या ठरावीक लांबीपर्यंतच सही करण्याची एक सोय ठेवलेली आहे. ती वापरली तर सहीनंतर कोणीही खाली चार ओळी जोडू शकतो आणि सही तरीही खरी ठरते. मोर्तब पत्राच्या मध्येच उमटवण्यासारखे हे झाले. जाणकार ही सोय वापरू नये असेच सांगतात.

सहीचे बळ किल्लीच्या लांबीवर असते. याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील एका गणितज्ञाला गुगलकडून नोकरीविषयी पत्र आले. खरे की खोटे हे पाहण्यासाठी त्याने पत्राची सही तपासली, तेव्हा किल्ली अवघी ५१२ बिटांची आढळली. एवढी लहान किल्ली फोडता येते हे त्याला माहीत होते आणि गुगलसारख्या कंपनीने ती चुकून ठेवली असेल हे पटेना. ही नोकरीसाठीची परीक्षाच असावी, असे वाटून त्याने भाड्याच्या संगणकांवर सुमारे ७२ तासांत, सुमारे ७५ डॉलर खर्चून किल्ली फोडली. मग गुगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकाला पत्र पाठवले. उत्तर आले नाही. दोन दिवसांनी मात्र गुगलची किल्ली २०४८ बिटांची झालेली दिसली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध झाली. २०१८ पासून १०२४ बिटांहून लहान किल्ली मानकानेच बाद ठरवली आहे. महाविद्यालयांनी २०४८ बिटांचीच घ्यावी.

गुगल किंवा मायक्रोसॉफ्टची सेवा घेतली की डीकिम आपोआप महाविद्यालयाच्या नावाने सुरू होते, असे गृहीत धरू नये. प्रशासकाने किल्ली तयार करून नोंदवहीत घालेपर्यंत सही सेवा देणाऱ्याच्या सामायिक डोमेनने होते, महाविद्यालयाच्या नव्हे. पत्रावर शिक्का असतो, पण तो टपाल कार्यालयाचा.

तिसरी नोंद : नापास झाले तर काय करावे

पहिल्या दोन नोंदी असूनही एक प्रश्न उरतो. लिफाफ्याचे डोमेन खरे, सहीही खरी, पण दोन्ही तिसऱ्याच कोणाची आणि लेटरहेडवर मात्र महाविद्यालयाचे नाव, असे पत्र आले तर? स्पॅम पाठवणाऱ्यांनी हे फार लवकर ओळखले. २००४ मध्येच त्यांनी स्वतःच्या डोमेनसाठी एसपीएफच्या नोंदी करून घेतल्या होत्या.

डीमार्क ही तिसरी नोंद जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाली. पेपाल, गुगल, मायक्रोसॉफ्ट, याहू आदी कंपन्या तिच्यामागे होत्या. तिची मागणी अशी की एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी निदान एक उत्तीर्ण व्हावे आणि जे उत्तीर्ण होईल त्याचे डोमेन वाचणाऱ्याला दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळावे. लिफाफा आणि लेटरहेड यांची सांगड येथे प्रथमच घातली गेली. जुळले नाही तर काय करावे हे डोमेनचा मालक सांगतो : ‘नन’ म्हणजे काही करू नका, ‘क्वारंटाइन’ म्हणजे संशयिताच्या कप्प्यात टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत करा. याखेरीज पत्रे घेणाऱ्या मोठ्या सेवा महाविद्यालयाच्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरवरून किती पत्रे आली याचा अहवाल रोज पाठवतात. डीमार्कचा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

घाई केल्यास काय होते हे एप्रिल २०१४ मध्ये दिसले. याहूने आपल्या डोमेनला एकाएकी ‘रिजेक्ट’ लावले. चर्चागटांच्या याद्या सभासदाचे पत्र घेऊन, विषयात गटाचे नाव आणि तळाशी एखादी ओळ जोडून सर्वांना पाठवत. त्यामुळे डीकिमची सही मोडे आणि सर्व्हर वेगळा असल्याने एसपीएफही जुळत नसे. याहूवरून लिहिणाऱ्या सभासदांची पत्रे इतरांकडून नाकारली जाऊ लागली आणि परत येणाऱ्या पत्रांमुळे निर्दोष सभासदांचीच नावे याद्यांतून गळू लागली. तेव्हापासून अनेक याद्यांनी प्रेषकाच्या जागी गटाचा पत्ता घालून ‘अमुक यांजकडून, गटामार्फत’ असे लिहिण्याचा तोडगा काढला. अभ्यासमंडळांच्या गटांवर येणाऱ्या पत्रांत प्रेषकाचे नाव विचित्र दिसते ते यामुळे.

आणि नोंद करून ‘नन’वर सोडून दिल्यास काय होते, याचे उदाहरण थेट प्राध्यापकांच्या जगातले आहे. २ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या एफबीआय, परराष्ट्र खाते आणि एनएसए यांनी संयुक्त इशारा दिला. उत्तर कोरियाचा ‘किमसुकी’ नावाने ओळखला जाणारा गट पत्रकार, प्राध्यापक आणि पूर्व आशियाचे अभ्यासक यांच्या नावाने पत्रे पाठवून इतर अभ्यासकांकडून माहिती काढत होता. ज्या डोमेनांना डीमार्कची नोंद नव्हती किंवा ‘नन’ होती, त्यांचे खरे पत्ते प्रेषकाच्या रकान्यात घालता येत होते आणि उत्तर मात्र वेगळ्याच पत्त्यावर जाईल अशी तजवीज असे. परिषदेचे निमंत्रण, लेखाची मागणी, मुलाखतीची विनंती ही शैक्षणिक व्यवहारातली रोजची पत्रेच येथे आमिष झाली. एखाद्या लहान गावातील महाविद्यालयाकडे परदेशी हेर वळणार नाहीत. पण जी पळवाट त्यांना मिळाली तीच शिष्यवृत्तीच्या नावाखाली फसवणाऱ्यालाही मिळते.

सनद आणि मतन

हदीसच्या अभ्यासात दोन अंगे वेगळी तपासली जातात : सनद, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे कथन पोहोचवणाऱ्या रावींची साखळी, आणि मतन, म्हणजे मूळ मजकूर. साखळीतला प्रत्येक रावी कोण, तो विश्वासार्ह होता का, तो ज्याच्याकडून सांगतो त्याला खरोखर भेटला होता का, याची छाननी मुहद्दिसांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. सनद सहीह ठरल्यावरही मतनची परीक्षा उरतेच, हेही त्यांनीच सांगितले. मराठीत ‘सनद’ शब्द अधिकारपत्राच्या अर्थाने रुळला, तोही याच मुळाचा. ही तुलना अर्थातच केवळ पद्धतीपुरती आहे, विषयांच्या योग्यतेची नाही.

ई-मेलच्या पूर्ण मसुद्यातही अशी साखळी असते. प्रत्येक सर्व्हर ‘हे पत्र अमुककडून, अमुक वेळी मिळाले’ अशी ओळ माथ्यावर जोडत जातो. सर्वांत वरच्या ओळी घेणाऱ्याच्या स्वतःच्या सर्व्हरच्या, म्हणून विश्वासार्ह. खालच्या ओळी पाठवणाऱ्याने रचलेल्याही असू शकतात. जीमेलमध्ये पत्राशेजारच्या तीन ठिपक्यांखाली ‘शो ओरिजिनल’ निवडले की ही साखळी आणि तिन्ही तपासण्यांचे निकाल दिसतात. वर्गात दहा मिनिटांत दाखवण्यासारखी ही गोष्ट आहे; भाषेच्या वर्गातही पाठभेद आणि प्रक्षेप शिकवताना तिचा उपयोग होईल.

तथापि तिन्ही नोंदी केवळ सनद तपासतात, मतन नव्हे. पत्र ज्या डोमेनचे म्हणून दिसते त्याचेच आहे एवढेच त्या सांगतात. ते डोमेन सज्जनाचे की ठकाचे, मजकूर खरा की खोटा, याबद्दल त्या मौन बाळगतात. या नोंदींनी स्पॅम बंद होईल असे सांगणारा विक्रेता अर्धसत्य सांगतो. स्पॅम पाठवणाराही स्वतःच्या डोमेनसाठी तिन्ही नोंदी बिनचूक करू शकतो. फरक पडतो तो एवढाच की त्याला दुसऱ्याचे नाव वापरता येत नाही, आणि स्वतःचे नाव वापरले की ते नाव बदनाम होते व अडवता येते. हा लाभ लहान वाटला तरी पत्रे गाळण्याची पुढची सारी व्यवस्था त्यावर उभी राहते.

महाविद्यालयात काम कसे व्हावे

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी नियम कडक केले. कोणीही पाठवणारा असो, एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी एक हवेच. खासगी जीमेल खात्यांकडे दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्या डोमेनला तिन्ही नोंदी सक्तीच्या. ‘हे स्पॅम आहे’ अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचता कामा नये, म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारीही जास्तच. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून आपल्या खासगी सेवेसाठी असेच नियम लावले. लहान महाविद्यालयाला ५,००० हा आकडा दूरचा वाटेल. परंतु एका शिक्षणसंस्थेची प्रशाला, कनिष्ठ महाविद्यालय, अध्यापक विद्यालय आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच डोमेनवर असतील तर त्यांची पत्रे एकत्र मोजली जातात, आणि गुगलच्या नियमानुसार हा आकडा एकदा गाठला की ते डोमेन कायमचे मोठ्या पाठवणाऱ्यांत धरले जाते. प्रवेशाच्या हंगामातला एक दिवस त्याला पुरे.

नोंदवहीत तीन ओळी घालण्याचे तांत्रिक काम तासाभराचे आहे. खरे काम त्याआधीचे, यादी करण्याचे : महाविद्यालयाच्या नावाने कोण कोण पत्रे पाठवते? कार्यालयाची खाती सर्वांना आठवतात. शुल्काची पावती पाठवणारी सेवा, पुस्तक परत करण्याची आठवण देणारी ग्रंथालयाची प्रणाली, मूडलवरील सूचना, संशोधन पत्रिकेची लेख स्वीकारण्याची व्यवस्था, स्कॅन केलेला कागद थेट ई-मेल करणारे झेरॉक्सचे यंत्र, माजी विद्यार्थी संघाचे वार्तापत्र ही मात्र ज्याने बसवली त्यालाच ठाऊक असतात. संगणक विभागाला ही यादी एकट्याने करता येणार नाही. ग्रंथपाल, परीक्षा विभाग, पत्रिकेचे संपादक, लेखापाल यांनी बसूनच ती होईल. राहून गेलेल्या नावाची पत्रे पुढे ‘रिजेक्ट’ लागल्यावर नाहीशी होतील, आणि ती शुल्काच्या पावत्याही असू शकतील.

संकेतस्थळावरील ‘संपर्क साधा’ हा अर्ज विशेष पाहावा. पुष्कळ ठिकाणी अर्ज भरणाऱ्याचाच पत्ता प्रेषक म्हणून घालून ते पत्र कार्यालयाला पाठवले जाते. म्हणजे महाविद्यालयाचे संकेतस्थळ स्वतःच परक्याच्या नावाने पत्र बनवत असते आणि ते नाकारले गेले की पालकाची विचारणा कार्यालयापर्यंत पोहोचत नाही. प्रेषक महाविद्यालयाचा आणि उत्तराचा पत्ता अर्जदाराचा, एवढा बदल पुरतो.

यादी झाल्यावर एसपीएफ आणि डीकिम बसवावे, डीमार्क ‘नन’वर ठेवून अहवाल मागवावेत. अहवाल यंत्रासाठी लिहिलेले असतात, पण ते वाचनीय करून देणारी साधने उपलब्ध आहेत. एका पूर्ण सत्राचे अहवाल पाहावेत, कारण काही पत्रे वर्षातून दोनदाच निघतात. मग ‘क्वारंटाइन’ आणि शेवटी ‘रिजेक्ट’. प्रवेश किंवा परीक्षेच्या दिवसांत हा बदल करू नये. ‘नन’वर वर्षानुवर्षे राहणे म्हणजे आवक नोंदवही ठेवून ती कधी न उघडणे होय.

काही संस्थांत याहून प्राथमिक अडचण निघते. डोमेनच्या नोंदवहीचा पासवर्ड संकेतस्थळ बनवणाऱ्या कंत्राटदाराकडे असतो आणि कंत्राट संपून वर्षे लोटलेली असतात. ‘एसी डॉट इन’ने संपणारी डोमेने अर्नेट इंडियामार्फत नोंदवली जातात, तेथील खात्यात संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा, पदनामाने काढलेला पत्ता असावा, व्यक्तीचा नव्हे.

दुसरी अडचण सवयीची आहे. विभागप्रमुख, समित्या, कधी खुद्द कार्यालयसुद्धा अधिकृत पत्रे खासगी जीमेल खात्यावरून पाठवतात. अशा पत्रांना महाविद्यालयाच्या नोंदींचे संरक्षण नाही. प्राचार्यांचे नाव लावून जीमेलवर खाते कोणीही उघडू शकतो आणि तेथून आलेले पत्र तिन्ही तपासण्यांत उत्तीर्णच होईल, कारण ते खरोखर जीमेलचे आहे. ‘बैठकीत आहे, फोन करू नका, गिफ्ट कार्डे घेऊन क्रमांक पाठवा’ हा जगभर चालणारा फसवणुकीचा प्रकार बहुधा अशाच पत्त्यांवरून होतो. विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना कोणत्याही जीमेल पत्त्यावरचे कार्यालयीन पत्र मानण्याची सवय महाविद्यालयानेच लावली असेल, तर नोंदी कितीही काटेकोर असोत, त्यांचा उपयोग निम्मा होतो. वर्षाच्या आरंभीच्या परिपत्रकात ‘महाविद्यालयाची पत्रे केवळ या डोमेनवरून येतील’ असे एक वाक्य डोमेनचे स्पेलिंग स्पष्ट छापून द्यावे, कारण एका अक्षराच्या फरकाचे सारखे दिसणारे डोमेन विकत घेणे स्वस्त असते.

राहता राहिली जुनी डोमेने. बऱ्याच संस्थांनी पूर्वी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ घेतले होते आणि नंतर त्या ‘एसी डॉट इन’कडे वळल्या. जुने डोमेन अजून ताब्यात असेल तर त्यावर एसपीएफमध्ये केवळ वजा चिन्हासह ‘ऑल’ आणि डीमार्कमध्ये ‘रिजेक्ट’ लिहावे. त्याचा अर्थ या नावाने कोणीच पत्र पाठवत नाही. ते सोडून देऊ नये. जुनी माहितीपुस्तिका, गुणपत्रिकेचे पाकीट, माजी विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची यादी यांवर ते नाव अद्याप छापलेले असते आणि नूतनीकरण न झालेले डोमेन मुदत संपल्यावर पैसे भरणाऱ्या कोणालाही मिळते. त्याला मग नोंदी खोट्या करण्याची गरजही उरत नाही.